मदत हवी आहे: पुढच्या अ‍ॅक्सलला कोणता लॉकर बसवू?
नमस्कार मंडळी, मी मुलुंडचा. माझ्या जुन्या पार्ट-टाइम फोर व्हील ड्राइव्ह जीपला मागे लॉकर (अ‍ॅक्सलची डावी-उजवी चाकं एकत्र जखडणारा भाग) आहे, आता पुढेही बसवायचा आहे.

गेल्या रविवारी कर्जतजवळ मित्राची दोन्ही लॉकरवाली गाडी चालवली. चिखलाचा चढ सहज निघाला, पण वळणावर स्टिअरिंग दगडासारखं जड. उजवीकडे पूर्ण कापलं तरी गाडी सरळ बांधाकडेच रेटत निघाली. पुढचा लॉक काढला आणि वळली. कारण कळतं: वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं आणि लॉकर दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवतो. मला खरी भीती सीव्ही जॉइंटची, म्हणजे चाक वळलेलं असतानाही त्याला ताकद पोहोचवणाऱ्या शाफ्टवरच्या सांध्याची वाटते. स्टिअरिंग पूर्ण कापलेलं असताना एकाच चाकाला पकड मिळाली, तर सगळा जोर त्याच शाफ्टवर येतो.

ऑटोमॅटिक लॉकर स्वस्त पडतो, पण हवा तेव्हा बंद करता येत नाही. रोज एलबीएस रोडवर टू व्हील ड्राइव्हमध्येच चालवतो. पुढचे हब मोकळे ठेवले, म्हणजे पुढची चाकं शाफ्टपासून सुटी ठेवली, तर स्टिअरिंगला फरक पडणार नाही ना? की स्विचवाला एअर लॉकरच घेऊ? पावसाळ्यात घाटात वापरलेल्यांनी कृपया अनुभव सांगा, पुढच्या महिन्यात काम करून घ्यायचंय.