बाटली भरायच्या नळांना सरकारी अनुदान हवं का?

लालपरी:
आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर मे महिन्यात उतरलं की वीस रुपये मोजून बाटली घ्यायची, नाहीतर घसा कोरडा ठेवून पुढची गाडी पकडायची. 2018 मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली, पण स्टँडमागच्या नाल्यात आजही रिकाम्या बाटल्यांचाच खच आहे. माझं म्हणणं असं की ग्रामपंचायती, नगरपंचायती आणि शाळांना बाटली भरायचे नळ बसवायला स्वतंत्र अनुदान मिळावं. स्टँड, आठवडी बाजार, ग्रामीण रुग्णालय, तहसील कचेरी, सगळीकडे गाळलेलं, गार आणि फुकट पाणी. लंडनमध्ये महापौर आणि थेम्स वॉटर या पाणी कंपनीने 2018 पासून मिळून असे शंभरावर नळ बसवले. आपल्याला का जमू नये?

माणदेशी:
कारण लंडनच्या नळाला चोवीस तास दाबाने पाणी असतं. आमच्याकडे चार दिवसांनी येतं, तेही पाऊण तास. म्हणजे तुमच्या नळामागे टाकी आली, टाकीवर मोटर आली, मोटरचं बिल आलं. आधी घरात पाणी द्या, मग स्टँडवरच्या गारव्याचं बघू.

दप्तर_कारकून:
ग्रामपंचायतीत बरीच वर्षं काढली आहेत म्हणून लिहितो. पैसा नाही हे कारण पटत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 26 साठी ग्रामपंचायतींना जे अनुदान दिलं, त्यातलं 60 टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायचं होतं; निम्मं पाण्याला, निम्मं स्वच्छतेला. ग्रामसभेने आराखड्यात घेतलं असतं तर असं काम त्यातून बसवता आलं असतं. गावोगाव आरओ, म्हणजे पाणी शुद्ध करायची मशीनं, बसलेच की! मशीन येतं, फ्लेक्स लागतो, नारळ फुटतो. दोन उन्हाळ्यांनी मेम्ब्रेन, म्हणजे आतला गाळणारा पडदा, जातो. तो बदलायचा खर्च कुठल्या शीर्षात टाकायचा यावर मासिक सभेत खल होतो, आणि तोवर पितळी तोटी भंगारात पोचलेली असते. नव्या अनुदानाने अशीच आणखी मशीनं येतील. माझा विरोध.

लालपरी:
कारकूनसाहेब, हा विरोध मशीनला आहे की अनुदानाच्या पद्धतीला? पैसे एकरकमी न देता निम्मे बसवताना आणि उरलेले पाच वर्षांत, नळ चालू दिसला तरच, असे द्या.

फोर्टातला_हमाल:
नाव गमतीने घेतलंय, नोकरी बँकेत. मुंबईत हा प्रयोग दीडशे वर्षांपूर्वीच झाला आहे. भात बाजारातली केशवजी नाईकांची पाणपोई 1876 ची, टपाल कचेरीजवळची रतनसी मूलजींची 1894 ची. कोरीव दगडकाम, माणसांसोबत जनावरांचीही सोय. व्यापाऱ्यांनी हौसेने आणि धर्म म्हणून बांधल्या. पुढे शहरातल्या कित्येक पाणपोया कोरड्या पडल्या, फेरीवाल्यांच्या सामानाआड गेल्या. बांधायला दाता मिळतो, कारण नावाची पाटी लागते. वॉशर बदलणाऱ्याची पाटी कोण लावतो? अलीकडचं उदाहरण रेल्वेचं. 2015 नंतर फलाटांवर मशीनं आली, स्वतःची बाटली नेली तर लिटरला 5 रुपये. लोक रांग लावायचे. तरी कित्येक स्टेशनांवर ती बंद पडली. पैसे घेऊन जे टिकलं नाही ते फुकटात कसं टिकणार?

फिटर_नाना:
एक विचारतो. सरसकट आरओ कशाला? पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत असेल तिथे आरओवर बंदी घाला, असं हरित लवादाने 2019 मध्येच पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं. नगरपालिकेचं क्लोरिन टाकलेलं पाणी असेल तर साधा गाळणी फिल्टर आणि स्टीलची झाकणबंद टाकी पुरते. आरओ लावला की जेवढं पाणी पिता तेवढं, कधी त्याहून जास्त, गटारात जातं. दुष्काळी तालुक्यात हे पाप आहे. आणि तोटी पितळी नको, दाबून धरायची लावा. सोडली की बंद. चोरायला कुणाला रस नाही, पाणीही वाहत नाही. कूलरच्या तोट्यांना आतून गुळगुळीत शेवाळ धरतं, ते दर आठवड्याला ब्रशने घासायला माणूस लागतो. कुठल्याही प्रस्तावात या माणसाचा पगार नसतो.

वैदर्भी:
नाना, यवतमाळ-चंद्रपूरकडे या आणि मग आरओ नको म्हणा. आमच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडणारी गावं आहेत. मुलांचे दात पिवळे-तपकिरी, म्हाताऱ्यांचे गुडघे वाकलेले. साध्या गाळणीतून फ्लोराइड जात नाही. शाळेत असा नळ ही इथे चैन नाही. राज्यभर एकच नमुना लादणार असाल तर मात्र माझाही विरोध.

फिटर_नाना:
फ्लोराइड असेल तिथे आरओ लावाच, वाद नाही. मी सरसकट म्हटलं होतं.

पदर_खोचून:
सगळे पुरुष दिसताय. बायका प्रवासात पाणी का पीत नाहीत माहितीये? स्टँडवरचं शौचालय वापरण्यासारखं नसतं म्हणून. माझी आई सकाळी घरून निघाली की संध्याकाळी पोचेपर्यंत दोन घोट घेते, बाटली पिशवीत भरलेली असूनसुद्धा. तुम्ही गार पाण्याचा नळ लावाल, आम्ही त्याच्याकडे बघत बसू. शाळांतल्या मुलींचं हेच. कारकूनसाहेबांनी सांगितलेला स्वच्छतेचा निम्मा वाटा कुठे गेला, ते आधी विचारा.

माणदेशी:
+1. हे आधीच यायला हवं होतं.

लालपरी:
ताई, मग अनुदानाची अटच अशी घाला: चालू शौचालय असेल तिथेच नळ.

पदर_खोचून:
म्हणजे शौचालय नाही म्हणून पाणीही नाही? वा! आणि "चालू" आहे असा दाखला देणार कोण? आमच्या स्टँडवरचं कागदावर चालूच आहे. कुलूप लावलेलं.

दप्तर_कारकून:
दाखला ग्रामसेवक देतो, ताई. सही कशी होते ते मला विचारू नका. महिला ग्रामसभेची सही सक्तीची केलीत तर मी विरोध मागे घेतो. ती सही मिळवताना घाम फुटतो, हे पाहिलेलं आहे.