साडेसहा कोटी वर्षं कशावरनं? आबांना काय उत्तर देऊ

पसरणीचा_पोरगा
राम राम मंडळी. गेल्या रविवारी आबांना आणि लेकीला घेऊन वाईवरनं महाबळेश्वरला निघालेलो. पसरणी घाटात लेकीनं चालू केलं की हा सगळा डोंगर म्हणजे थिजलेला लाव्हा आहे आणि तो ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. आठवीत आहे ती. आबा एसटीत ड्रायव्हर होते, ह्याच घाटात निम्मी हयात गेली त्यांची. ते म्हणाले, "माझ्या आज्याचा जन्म कुठल्या सालचा ते घरात कुणाला ठाव नाय, आन ह्यांना दगडाची जन्मतारीख ठाव!" लेक गप्प. मी पण गप्प, कारण शाळेत पाठ केलं, मार्क घेतले, विषय मिटला, ते मोजलं कसं हे मला पण कुठं माहितीय.

"शास्त्रज्ञ सांगतात" हे उत्तर देऊन झालं. आबा म्हणाले, कीर्तनकार पण सांगतो, मग फरक काय? त्यात चुलत्यांनी व्हॉट्सअॅपवर टाकलं की पुराणात पृथ्वीचं वय ४३२ कोटी आधीच दिलंय, शास्त्रज्ञांनी ४५० च्या आसपास आत्ता शोधलं. आबांना समजेल असं कोण सांगणार का? लेक रुसून बसलीय.

शंकासुर_सांगली
आबांना माझा नमस्कार सांगा, बरोबर विचारलंय त्यांनी. लोणारचंच बघा ना, आधी म्हणायचे सरोवर ५० हजार वर्षांचं, मग म्हणाले ५ लाख ७० हजार. दहापटीहून जास्त फरक! माझ्या दुकानात एवढा फरक हिशेबात निघाला तर सीए उभा करणार नाही मला. आणि मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या गुहांचं आठवतंय का, २०२१ मध्ये पेपरात फोटोबिटो आलेले की गुहेच्या छतावर ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचा ठसा सापडला, डिकिन्सोनिया का काय ते. २०२३ मध्ये कळलं ते मधमाश्यांचं जुनं पोळं होतं. पोळं!! एक आग्यामोहोळ काढणारा नेला असता बरोबर तर दोन मिनिटात सांगितलं असतं त्यानं.

मी शास्त्राच्या विरोधात नाही, पण आकडा फेकायचा आणि आपण माना डोलवायच्या हे मला जमत नाही.

बोअरवाला_खटाव
मी काय शिकलेला माणूस नाही पण २२ वर्षं बोअर मारतोय, खटाव माण कोरेगाव सगळीकडं, तर मला जे दिसतं ते सांगतो. वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या दगड म्हणजे भोकाभोकाचा, त्यात पांढऱ्या गारा भरलेल्या असत्यात, मग कडक काळा पाषाण, बिट नुसतं ओरडतंय. मग एकदम धूळ तांबडी व्हायला लागती, गेरू लागला म्हणतो आम्ही. तिथं मऊ असतं, ढासळतं, केसिंग टाकावं लागतं नाहीतर बोअर बसलाच. आणि गेरू संपला की खाली परत मांजऱ्या परत पाषाण, परत कुठंतरी गेरू. एका बोअरला दोन दोन तीन तीन वेळा लागलाय. मालक विचारतो दगडाच्या खाली माती कशी आली, मी म्हणतो देवाला विचार. हे का होतं कोण सांगणार का, मला पण ऐकायचंय.

कृष्णाकोयना
बोअरवाले दादा, आबांचं उत्तर तुमच्याच धुळीत आहे! भूशास्त्र शिकलोय, कराडचा आहे, थोडं लांबण लागेल.

लाव्हाचा एक थर आला, थंड झाला. वरचा भाग फसफसलेला म्हणून भोकं, तोच मांजऱ्या. मग पुढचा थर यायच्या आधी मधे बराच काळ गेला, ऊन पावसानं वरचा दगड कुजला, त्याची तांबडी माती झाली, काही ठिकाणी त्यात ज्वालामुखीची राख पण बसली. त्यावर दुसरा लाव्हा आला आणि माती भाजून निघाली. तुमचा गेरू म्हणजे त्या वेळची जमीन. आता आबांना विचारा, पाषाणाची माती व्हायला किती दिवस लागतात? शेतातला काळा धोंडा आज्यापासून तसाच आहे ना? आणि असे थर किती, तर महाबळेश्वरपासून खाली उघडा पडलेला लाव्हाच साधारण १२०० मीटर आहे. भूकंपाच्या अभ्यासासाठी कोयनेजवळ गोठण्याला तीन किलोमीटर खोल भोक पाडलं, त्यात १२४७ मीटरपर्यंत हाच काळा दगड आणि त्याच्याखाली थेट ग्रॅनाइट. म्हणजे एकही यंत्र न वापरता एवढं कळतं की हे काम हजार दोन हजार वर्षांचं नाही. आकडा मात्र ह्यावरनं निघत नाही, त्याला घड्याळ लागतं.

घड्याळ असं. दगडात थोडं पोटॅशियम असतं, त्यातला एक प्रकार अगदी सावकाश मोडतो आणि त्यातल्या काही भागाचा अरगॉन वायू होतो. निम्मा मोडायला १२५ कोटी वर्षं. लाव्हा पातळ असताना आधीचा वायू उडून जातो, थिजला की नवीन झालेला आत अडकतो. किती अडकलाय ते मोजायचं. आपल्या दगडात पोटॅशियम कमी म्हणून काम किचकट, आणि दगड कुजका असला तर वायू निसटतो, वय कमी येतं. हे खरंय, लपवायचं कारण नाही. म्हणून दुसरं घड्याळ, गेरूतल्या राखेत झिरकॉन नावाच्या खनिजाचे बारीक कण मिळतात, त्यात युरेनियमचं शिसं होतं, त्याचा वेग वेगळा, निम्मं व्हायला ४४७ कोटी वर्षं. दोन वेगळ्या धातूंची, वेगळ्या वेगाची घड्याळं, वेगळ्या प्रयोगशाळा, आणि दोन्ही ६.६ कोटीच्या आसपास. एक चुकलं असतं, दोन्ही एकाच जागी कशी चुकतील?

शंकासुर, लोणारचा जुना आकडा चुकला कारण तिथल्या दगड वितळून झालेल्या काचेतल्या चमकेवरनं वय काढायची ती पद्धत फार जुन्या वयाला पुरत नाही. भीमबेटकाला तर मी पण हसलो. पण पोळं आहे हे पकडलं कुणी? दुसऱ्या भूशास्त्रज्ञांनीच, जागेवर जाऊन. आणि पहिल्यांनी मान्य केलं.

शंकासुर_सांगली
दोन घड्याळांचा मुद्दा पटला, हा कुणी शाळेत सांगितला नव्हता. पण मग एकमत झालंय तर त्याच सुमाराला संपलेले डायनासोर लाव्हानं मेले का उल्केनं ह्यावर अजून भांडण का चालूय?

कृष्णाकोयना
कारण ते भांडण खरंच आहे. २०१९ मध्ये एका विज्ञान नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन गटांचे शोधनिबंध आले, आपल्याच सह्याद्रीतल्या दगडांवर. युरेनियमवाले म्हणाले लाव्हाचा मोठा लोंढा उल्केच्या थोडा आधी आला, अरगॉनवाले म्हणाले बहुतेक लाव्हा उल्का मेक्सिकोत पडल्यानंतरचा. पण वाद कितीचा बघा, काही हजार ते काही लाख वर्षांचा. ६.६ कोटीत तो बांधाच्या भांडणाएवढा. दोघं बांधावरनं भांडतात म्हणून शेतच नाही असं कोण म्हणतं?

आणि एक, ह्या थरांच्या वरच्या गटाला जगभर नाव काय आहे माहितीय का, वाई. त्यातल्याच एकाचं आंबेनळी, एकाचं महाबळेश्वर. लेकीला सांगा, खूश होईल.

घाटावरचे_गुरुजी
४३२ कोटीबद्दल मी बोलतो, कारण मी स्वतः पौरोहित्य करतो. तो आकडा पृथ्वीच्या वयाचा नाहीच. एक कल्प म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, तो पूर्ण ४३२ कोटींचा. प्रत्येक सत्यनारायणाला संकल्पात आम्ही काय म्हणतो, श्वेतवाराहकल्पे, वैवस्वत मन्वंतरे, अष्टाविंशतितमे युगे. म्हणजे सातवं मन्वंतर, अठ्ठाविसावं युग. हिशेब केला तर कल्पातली १९७ कोटींच्या आसपास वर्षं झालीत, उरलेली यायचीत. आता १९७ कुठं आणि साडेचारशे कुठं! चुलत्यांना म्हणावं फॉरवर्ड करायच्या आधी संकल्प तरी नीट ऐका, दर पूजेला त्या वेळी फोनवर असतात सगळे. आपल्या लोकांनी एवढ्या मोठ्या काळाचा विचार केला ह्याचं मला कौतुक आहेच, पण विचार वेगळा आणि मोजमाप वेगळं.

बोअरवाला_खटाव
म्हणजे गेरू ही जुनी जमीन. २२ वर्षं जमिनीखालच्या जमिनीत केसिंग टाकतोय की मी. आता मालकाला सांगायला काहीतरी मिळालं.

पसरणीचा_पोरगा
मंडळी लय आभार, सगळं वाचून दाखवलं रात्री. घड्याळाचं आबांनी ऐकून घेतलं, बोलले काहीच नाहीत. पण गेरूचं ऐकल्यावर एकदम म्हणाले, तो तांबडा पट्टा होय, पावसाळ्यात दरड यायची ती बऱ्याचदा त्या पट्ट्यापासनंच, आम्ही तिथं गाडी दुसऱ्यावर घ्यायचो आन नजर वर. मग लेकीला वहीवर घाटाची वळणं काढून दिली, कुठल्या वळणाला पट्टा आहे ते खुणा करून. चार झाले. साडेसहा कोटी अजून मानलेलं नाही त्यांनी, "लय हाय पण" एवढ्यावर आलेत. ह्या रविवारी परत जायचंय, पट्टे मोजायला, मला गाडी चालवायची आहे फक्त.