मदत हवी आहे: ट्रिंकोमाली जहाजाच्या नोंदी कुठे बघायच्या?

नमस्कार मंडळी, ट्रिंकोमाली या ब्रिटिश फ्रिगेटवर (शिडाच्या युद्धनौकेवर) मराठीत सविस्तर लिहायचं चाललंय, त्यासाठी मदत हवीये. हे जहाज आपल्या मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधलं, तेही मलबारच्या सागवानात, आणि १८१७ च्या ऑक्टोबरमधे पाण्यात उतरलं. जहाजाच्या कण्यात (तळाच्या मुख्य तुळईत) चांदीचा खिळा ठोकायचा विधी झाला होता. त्याआधी इंग्लंडहून निघालेले बांधणीचे नकाशे जावा नावाच्या जहाजासोबत १८१२ मधे नष्ट झाले, कारण अमेरिकनांनी ते जहाजच संपवलं, मग पुन्हा नवे पाठवावे लागले!

गंमत म्हणजे १८१९ ला पोर्ट्समथला पोचल्यावर नेपोलियनशी चाललेली युद्धं संपलेली, म्हणून पंचवीसेक वर्षं नुसतं राखीव पडून. खरी नोकरी १८४७ पासून, आधी उत्तर अमेरिका-वेस्ट इंडीज, मग १८५२ ते ५७ पॅसिफिक, म्हणजे क्रिमियन युद्ध त्यातच आलं. पुढे ट्रेनिंग शिप, १८९७ ला भंगारात विकलेलं, तिथून वाचलं आणि आज हार्टलपूलला तरंगतंय, सागवानाची कमाल आहे ही.

मला पॅसिफिकच्या वर्षांची लॉगबुकं बघायचीयेत. लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल अर्काइव्हजमधे कुणी काम केलंय का? रीडर कार्ड, फोटो काढणं वगैरे कसं जमवलंत? आणि मुंबईच्या गोदीतल्या सुतारांच्या नोंदींसाठी एल्फिन्स्टन कॉलेजमधल्या पुराभिलेखागारात आधी कोणती दफ्तरं मागवू, प्लीज सांगा.