फाउंड्रीत टॅगची जागा चुकते: रिसीव्हर वाढवायचे की रेडिओच बदलायचा?

शॉपफ्लोअर_उद्यमबाग
पॅटर्न (साचा पाडायचे नमुने) आणि ट्रॉल्यांना ब्लूटूथ टॅग लावायचे, भिंतीवर रिसीव्हर बसवायचे आणि सिग्नल किती जोराचा येतो त्यावरून जागा काढायची, असा बेत पत्र्याच्या शेडसाठी कोणी मांडला की माझा विरोध असतो. मोकळ्या जागेतही सिग्नल ६ डीबीने (डेसिबल, सिग्नलच्या जोराचं माप) घटला की हिशोबात अंतर दुप्पट होतं. मध्ये एक माणूस आडवा आला तरी तेवढी घट होते, मग ५ मीटरवरची ट्रॉली १० मीटरवर दिसते. त्यात २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटरची. ट्रॉली चार बोटं सरकवा, पत्र्यावरून परतलेल्या लहरी एकमेकींना खातात आणि आकडा १० डीबीनेही उतरतो. ट्रॉली जागच्या जागी, पडद्यावर मात्र पलीकडच्या बेमध्ये (शेडच्या भागात)! रिसीव्हर चाराचे आठ केलेत तर चुकीचे आकडे आठ मिळतील. सिग्नल पोचायला लागलेला वेळ मोजून अंतर काढणारा अल्ट्रा-वाइडबँड रेडिओच घ्यावा.

वायरमन_मच्छे
साहेब, आधी प्रश्न ठरवा. पॅटर्न कोणत्या बेमध्ये आहे एवढंच हवं असेल तर ब्लूटूथ पुरतो, पण नीट बसवला तर. तुम्ही दोन दुखणी एकत्र केलीत. गोंगाटाने पॅकेट (टॅगचा निरोप) हरवतं, पत्र्याने आकडा बदलतो. औषधं वेगळी.

गोंगाटाचं आधी. टॅग ३७, ३८, ३९ या तीन चॅनलवर ओरडतो, म्हणजे २४०२, २४२६ आणि २४८० मेगाहर्ट्झ. वाय-फाय त्याच्या १, ६, ११ या चॅनलवर ठेवलं तर हे तिन्ही बऱ्यापैकी मोकळे राहतात. राउटर ‘ऑटो’वर सोडला आणि तो ३ किंवा ४ वर गेला की ३८ मेलाच. म्हणून चॅनल हाताने बांधा, रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. गेटवेच्या (रिसीव्हरच्या) अँटेनाशेजारी यूएसबी ३ ची डिस्क असेल तर ती मीटरभर लांब न्या, त्या केबलचा गोंगाट नेमका २.४ वर येतो.

आता पत्र्याचं. टॅग लोखंडाला चिकटवला की अँटेना बिघडते, मध्ये १०-१५ मिलिमीटरचा प्लास्टिकचा ठोकळा द्या. तिन्ही चॅनलचे आकडे वेगळे नोंदवा, कारण एका चॅनलवर खड्डा पडला तरी दुसऱ्यावर बहुधा पडत नाही. टॅग ३०० मिलिसेकंदांनी पाठवतो असं धरलं तर ५ सेकंदांत १६ च्या आसपास आकडे हाती येतात. त्यांची सरासरी काढू नका, क्रमाने लावून मधला आकडा घ्या. आणि नवा बे जुन्यापेक्षा ६ डीबी वर, तोही सलग १० सेकंद, असल्याशिवाय बे बदलायचा नाही. पडद्यावरची उडी यानेच थांबते.

होनगा_मेंटेनन्स
पण फर्नेस (धातू वितळवायची विजेची इंडक्शन भट्टी) चालू झाली की टॅग गायब होतात, त्याचं काय? इंडक्शनचा गोंगाट कोणता चॅनल वाचवणार?

वायरमन_मच्छे
भाऊ, फर्नेस चालते काहीशे ते काही हजार हर्ट्झवर. २.४ गिगाहर्ट्झ त्याच्या लाखो पट वर, हवेतून तिचा त्रास जवळजवळ नाही. त्रास येतो वायरीतून: व्होल्टेज पडतं, हलका ॲडॉप्टर ढेपाळतो, गेटवे रीस्टार्ट होतो. गेटवे पॉवर बँकेवर लावा, फर्नेस चालू-बंद करून दर मिनिटाला किती पॅकेट येतात ते मोजा. बॅटरीवर गळती थांबली तर दोष सप्लायचा.

शॉपफ्लोअर_उद्यमबाग
हे पटलं. पण ज्या शेडमध्ये दोन बेच्या मध्ये भिंतच नाही, तिथे ६ डीबीची अट लावली तर ट्रॉली हलूनही पडदा हलत नाही. अल्ट्रा-वाइडबँडची पट्टी ५०० मेगाहर्ट्झची, स्पंद सुमारे २ नॅनोसेकंदांचा. १ नॅनोसेकंद म्हणजे ३० सेंटिमीटर, त्यामुळे सरळ आलेला स्पंद आणि पत्र्यावरून उशिरा आलेला वेगळे ओळखता येतात. समोरासमोर दिसत असेल तर चूक १०-३० सेंटिमीटर.

मात्र अंतर दुहेरी फेरीने मोजा, म्हणजे टॅग आणि अँकर (भिंतीवरचा रिसीव्हर) दोघांनीही विचारणा-उत्तराचा वेळ मोजायचा. एकेरी फेरीत दोघांच्या घड्याळांच्या क्रिस्टलमध्ये २० पीपीएमचा (दहा लाखांत २०) फरक आणि उत्तराला १ मिलिसेकंद, एवढ्यानेच ३ मीटर चूक होते. अँटेनाचा विलंबही प्रत्येक अँकरला वेगळा भरायचा: स्टीलच्या टेपने ५ मीटर मोजून टॅग ठेवा, ५०० मोजण्या घ्या, जो फरक निघेल तो वजा करा. हे टाळलं की ‘यंत्रणाच भिकार’ म्हणून नाव पडतं.

पॅटर्नशॉप_अनगोळ
‘समोरासमोर दिसत असेल तर’ यातच सगळं आलं. बिडाच्या मोल्ड बॉक्सची (साच्याच्या पेट्यांची) रास आडवी आली की सरळ स्पंद पोचतच नाही. वळसा घालून आलेला पहिला धरला जातो आणि अंतर नेहमी जास्तच निघतं, कमी कधीच नाही. चारांतला एक अँकर २ मीटर जास्त सांगतो आणि जागा ओढली जाते. तो ओळखून वगळायचा तर बेला ५-६ अँकर लागतात. शिवाय दुहेरी फेरीसाठी सतत ऐकणारा टॅग नाण्याएवढ्या सेलवर टिकत नाही.

सिग्नलचा नकाशा काढून जुळवायची पद्धतही इथे फसते. बेळगावचा पाऊस लागला की अंगणातल्या पेट्या आत येतात, मेमधला नकाशा जुलैत खोटा.

शॉपफ्लोअर_उद्यमबाग
टॅगने ऐकायचंच नाही, फक्त स्पंद सोडायचा. वेळेतला फरक अँकर काढतील. बॅटरी टिकते.

पॅटर्नशॉप_अनगोळ
मग सगळ्या अँकरांची घड्याळं नॅनोसेकंदात जुळवा! ते काम मेंटेनन्सच्या माणसाच्या गळ्यात पडणार.

वायरमन_मच्छे
काही घ्या, पैसे देण्याआधी एका बेमध्ये खडूने २० खुणा करा, टेपने मोजा. एकदा सुट्टीच्या दिवशी, एकदा भर शिफ्टमध्ये, क्रेन दोन्ही टोकांना नेऊन. सरासरी चूक दाखवली तर घेऊ नका. १०० पैकी ९५ वेळा चूक कितीच्या आत राहते, तो आकडा मागा.

शॉपफ्लोअर_उद्यमबाग
मान्य. माझं मत तेच आहे, पण खुणा मोल्ड बॉक्सच्या राशीमागेही करा.