बाईमाणसाला बसता येईल अशी एएची (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) मीटिंग कुठे मिळेल? (ठाणे-कल्याण पट्टा)

गवतीचहा:
राहते डोंबिवलीत, वय ४३, फोर्टातल्या एका सीएकडे अकाउंट्स बघते. दारू पिते. आधी शनिवारी नवऱ्याबरोबर व्हायची, लॉकडाऊनमध्ये रोजची झाली. आता तो झोपला की एकटीच, ओट्यापाशी उभी राहून, स्टीलच्या पेल्यातून. पेला स्टीलचाच का, ते इथल्या मंडळींना सांगायला नको. सकाळी पोळ्या लाटताना हात थरथरतात, दोन घोट पोटात गेले की थांबतात.

मागच्या आठवड्यात धीर करून जवळच्या एका मीटिंगला गेले. शाळेचा वर्ग, बाकांवर वीसेक पुरुष, बाई मी एकटी. वागले सगळे नीट, चहा तर आधी मलाच दिला. पण एका काकांनी विचारलं, "ताई, मिस्टरांसाठी आलात का? घरच्यांची मीटिंग वेगळी असते." मी "हो" म्हणाले आणि उठले. त्यात मागच्या बाकावर शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी!

तर फक्त बायकांची मीटिंग आहे का कुठे? ऑनलाइन चालेल, पण घर वन-बीएचके, सासूबाई हॉलमध्ये. आणि ती शेवटची प्रार्थना... देवाचं आणि माझं फारसं जमत नाही.

कल्याणचा_जुना:
काकांच्या वतीने मी माफी मागतो. पुरुषांच्या खोलीत बाई आली की आमच्या लोकांना ती कुणाची तरी बायकोच वाटते. सेक्रेटरींचं म्हणाल, तर ते काय सत्यनारायणाला आले होते? तुम्ही ज्यासाठी गेलात त्यासाठीच तेही. तिथे कोण दिसलं हे बाहेर बोलायचं नाही, हा नियम त्यांनाही आहे.

मीटिंगांच्या यादीत 'क्लोज्ड' लिहिलेलं असेल तर ती मीटिंग फक्त पिणाऱ्यांची, म्हणजे ज्याला दारू सोडायची इच्छा आहे त्याची. 'ओपन'ला कुणीही येऊन बसतं. तुम्ही क्लोज्डला जा, मग मिस्टरांचा प्रश्नच येणार नाही. फी नाही, फॉर्म नाही. शेवटी पिशवी फिरते, त्यात सभासद जमेल ते टाकतात, नव्याने नाही टाकलं तरी चालतं. बाहेरच्यांकडून एए देणगी घेत नाही. देवाचं म्हणाल तर एएच्या बारा पायऱ्यांत, म्हणजे दारू सोडण्याच्या आमच्या बारा टप्प्यांत, देवापुढे 'आपल्याला समजलेला' असे शब्द आहेत. आमच्यातला एकजण पक्का नास्तिक, तो त्या जागी ग्रुपलाच धरतो. माझं मत, जवळचीच धरा. लांबची मीटिंग पावसाळ्यात सुटते.

रातराणी:
दादा, लांबची सुटते हे खरं, पण शेजारच्या सोसायटीसमोर बाईने तोंड उघडायचं म्हणजे काय, ते तुम्हाला नाही कळायचं. पुरुष प्यायला तर "बिचारा, टेन्शन असेल". बाई प्यायली की तिच्या आईवडिलांपर्यंत उद्धार.

गवतीचहा, मीटिंगच्या आधी डॉक्टर. सकाळचे हात आणि त्यावर दोन घोट, हे वाचून मी थबकले. शरीराला एवढी सवय लागली असेल तर मनाने एकदम बंद करू नकोस. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होतो, ते जिवावर बेततं. मनोविकारतज्ज्ञ काही दिवस गोळ्या देऊन डोस हळूहळू उतरवतात, बी-वन जीवनसत्त्व देतात. किती पितेस ते खरं सांग, आम्ही सगळ्याजणी निम्मं सांगतो. डॉक्टरकडे जायच्या आधीच फिट आली किंवा भलतंसलतं दिसायला लागलं तर सरळ हॉस्पिटल गाठ.

मग एए इंडियाच्या वेबसाइटवर बघ, तिथे मीटिंगांची माहिती असते. दिलेल्या नंबरवर फोन कर आणि "मला बाई सभासदाशी बोलायचंय" एवढंच म्हण. स्पॉन्सर, म्हणजे नव्याला साथ देणारा जुना सभासद, तीही बाईला बाईच असावी, हा जुना रिवाज आहे. फक्त बायकांच्या मीटिंगा ऑनलाइन होतात, त्यांची चौकशी तिच्याकडेच कर. कॅमेरा बंद ठेव, नाव गवतीचहाच टाक. आणि तू फोर्टात आहेस ना? मग मुंबईतली संध्याकाळची मीटिंग करूनच गाडी पकड, तिकडे शेजारचे सेक्रेटरी नाहीत. एकीवर ठरवू नकोस, चारपाच ठिकाणी बसून बघ. काही ग्रुप नुसते रडके असतात, काही प्रवचनी.

पुणे_३०:
घरी राहून जमत नसेल तर पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं. तिथे बायकांचा वेगळा विभाग आहे, निशिगंध. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६, फुकट आहे.

गवतीचहा:
रातराणी, डॉक्टरची शुक्रवारची वेळ घेतली, ठाण्यात. ऑफिसात दाताचं सांगितलंय. फोर्टाजवळच्या मीटिंगचं डोक्यातच आलं नव्हतं. घरी "क्लोजिंग आहे" म्हटलं की आठ वाजेपर्यंत कुणी विचारत नाही.
एकच. नवऱ्याला सांगू का? तो अजून शनिवारी घेतो आणि बाटली घरातच असते.

रातराणी:
आधी डॉक्टर होऊ दे. पण बाटलीबद्दल त्याच्याशी बोलावंच लागेल, फ्रीज उघडला की समोर दिसणार. तुझं न पिणं त्याला झेपेना झालं तर त्याच्यासाठी अल-अ‍ॅनॉन आहे, घरच्यांची. काका चुकीच्या माणसाला सांगत होते, एवढंच. मेसेजमध्ये नंबर टाकलाय, संध्याकाळी सातनंतर कर.