एक निर्दोष सुटला म्हणून गुन्ह्यांवरचे सगळे माहितीपट चांगले?

कोर्टकचेरी: रानवाट यांनी काल लिहिलं, "गुन्ह्यांवरचे माहितीपट म्हणजे मढ्याच्या टाळूवरचं लोणी." अजिबात पटलं नाही. एरल मॉरिसचा १९८८चा 'द थिन ब्लू लाइन' बघा. डॅलसमध्ये १९७६ साली पोलिसाचा खून झाला आणि रँडल अ‍ॅडम्सला देहदंड सुनावला. तारीख तीन दिवसांवर आली असताना स्थगिती मिळाली, पुढे जन्मठेप झाली. ज्याच्या साक्षीवर तो अडकला, तो डेव्हिड हॅरिस मॉरिसच्या टेपवर जवळजवळ कबुलीच देतो. १९८९मध्ये अ‍ॅडम्स सुटला. बारा वर्षं गेली माणसाची!

रानवाट: वाक्य मागे घेत नाही. त्यात तो गोळीबार किती वेळा दाखवलाय? पोलिसाच्या घरच्यांनी काय करायचं?

कोर्टकचेरी: प्रत्येक साक्षीदार वेगळं सांगतो म्हणून पुन्हा पुन्हा दाखवलाय. साक्षी किती पोकळ होत्या, ते त्यातूनच कळतं.

मिरजकर: नाट्यरूपांतराचं कौतुक मला सांगू नका. आमच्या गल्लीत खून झाला. मावसभावाला चौकशीला नेलं, दोन दिवसांनी सोडलं. आरोपपत्रात नावसुद्धा नाही. पण एका चॅनेलने त्याच्यासारखाच दिसणारा नट उभा केला, हातात कोयता देऊन. नऊ वर्षं झाली. स्थळं येतात, चौकशी करतात, परत फिरतात. निकाल कुणाला आठवत नाही, कोयता आठवतो.

कोर्टकचेरी: वाईट झालं. पण त्या चॅनेलचं पाप मॉरिसच्या माथी का? तो मुळात आरोपी पुन्हा खून करतील असं ज्यूरीला सांगत फिरणाऱ्या एका मानसोपचारतज्ज्ञावर फिल्म करायला गेला होता. त्या कामात अ‍ॅडम्स भेटला आणि मॉरिस स्वतः तपासाला लागला.

रानवाट: मग सुटल्यावर अ‍ॅडम्सने मॉरिसवरच दावा का लावला?

कोर्टकचेरी: स्वतःच्या कहाणीच्या हक्कांसाठी. कोर्टाबाहेर मिटला तो.

रानवाट: म्हणजे जगला तो, भोगलं त्याने, आणि कहाणीसाठी त्यालाच भांडावं लागलं! माझं म्हणणं दुसरं काय होतं?

कोर्टकचेरी: हक्कांचं मान्य. जिवंत माणसासारखा नट उभा करू नये, तेही मान्य. पण कॅमेराच नको, हे मरेपर्यंत मानणार नाही. ती टेप नसती तर अ‍ॅडम्स आत सडला असता.

मिरजकर: तुमचा अ‍ॅडम्स सुटला, आनंद आहे. आमचा भाग अजून यूट्यूबवर आहे. मावशी दर दिवाळीला विचारते, "काढला का रे?" तो काढायला अर्ज कुणाकडे करायचा, वकिली कळणाऱ्या कुणीतरी तेवढं सांगा.