उन्हाळ्यात एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाईचं दूध आणि फॅट दोन्ही घसरतंय

प्रश्न: पत्र्याचा गोठा, संकरित एचएफ. दूध १८ वरून १४ लिटरवर, फॅट ३.१ टक्के. फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारं यंत्र) लावूनही धाप थांबत नाही. काय चुकतंय?

– बंद गोठ्यात फॉगर म्हणजे नुसता दमटपणा. अंगावरचं पाणी सुकतच नाही. बाजूचे पडदे काढा. १-२ मिनिटं पाठ भिजवा, मग १५ मिनिटं पंख्याचा झोत. बरगडी बघून श्वास मोजा. मिनिटाला ६० च्या वर गेला तर ताण आहे.

– फॅटचं कारण वेगळं. उकाड्यात गाय वैरण खायची सोडते, पेंड मात्र खाते. त्यात धापेने लाळ गळून जाते, म्हणून कोठीपोटात (चारा आंबवणाऱ्या मोठ्या पोटात) आम्लता वाढते आणि फॅट घसरतं. कुट्टी (बारीक कापलेली वैरण) पहाटे आणि रात्री टाका. पेंडेत खाण्याचा सोडा रोज १००-१५० ग्रॅम, दोन वेळांत विभागून.

– पत्र्यावर उसाचं पाचट अंथरा. आणि काळी टाकी सावलीत घ्या, तापलेलं पाणी गाय नाक लावून सोडून देते.